दोन विस्तव

प्रिय बाळा,

प्रभूच्या नावात सलाम.

तुझा निरोप काल रात्री वाचला, आज सकाळी पुन्हा वाचला. ‘नवव्या दिवशीच मोडलं. आता उरलेले दिवस ओढण्यात काय अर्थ? ईस्टरला येऊन नाटक नको.’ एवढंच लिहिलंयस. फोन केला असता, पण फोनवर तू ‘हो, हो’ म्हणतोस आणि विषय संपतो. म्हणून कागद घेऊन बसले आहे.

रात्री दहानंतर मोबाइल हातात घ्यायचा नाही आणि त्या वेळात एक स्तोत्र वाचायचं, हा तुझा या उपवासकाळाचा, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांचा नेम. नऊ रात्री म्हणजे काही कमी नाहीत. पण तू मोजतोस त्या उरलेल्या. मोजायचंच तर नीट मोज. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत कॅलेंडरवर ४६ दिवस भरतात. चाळीस म्हणायचं कारण मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत. रविवार प्रभूच्या पुनरुत्थानाचा, तो उपवासकाळातसुद्धा सणाचाच. (लहानपणी हे तुला कळलं तेव्हापासून तू शनिवारी रात्री बारा वाजायची वाट बघायचास, आठवतंय?) म्हणजे सहा दिवसांनी एकदा थांबायची सोय या काळात आधीपासूनच आहे. सलग चाळीस दिवस दम टिकवून दाखवायची शर्यत आपल्याला कुणी लावलेली नाही.

आणि राखेचं बघ. कपाळाला लावायची राख आदल्या वर्षीच्या झावळ्या जाळून करतात. ईस्टरच्या आदल्या रविवारी ज्या झावळ्या हातात घेऊन आपण ‘होसान्ना’ म्हणत चाललो, त्याच वाळतात, जळतात आणि पुढच्या वर्षी कपाळावर येतात. म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवसच आपल्या सुकून गेलेल्या उत्साहाचा. त्याच दिवशी मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातलं वाचतात: उपास करताना तोंड उतरवू नको, डोक्याला तेल लाव, तोंड धू, लोकांना दिसू देऊ नको. हे ऐकायचं आणि लगेच कपाळावर राख घेऊन सगळ्यांच्या देखत बाहेर पडायचं! मला दर वर्षी याचं थोडं हसू येतं. पण दोन्ही एकत्र ठेवणाऱ्यांना माणूस चांगला ओळखता आला असावा.

आता एक गोष्ट सांगते. तुला ती अर्धीच माहीत आहे.

आजी गेली तेव्हा माझं आणि तुझ्या मावशीचं भांडण झालं. कशावरून, ते आता लिहायची लाज वाटते. पुढे सहा वर्षं आम्ही बोललो नाही. त्यातल्या चौथ्या वर्षी मी उपवासकाळ जसा पाळला तसा ना आधी कधी पाळला ना नंतर. एकच वेळ जेवले, पहाटे उठून प्रार्थना केली, एक दिवस चुकवला नाही. मनातल्या मनात मी स्वतःला शाबासकी देत होते. पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या गुरुवारी, मंडळीत पाय धुण्याचा विधी होता, ज्यांचे पाय धुवायचे त्यांच्यात माझं नाव होतं. पाळकसाहेब गुडघे टेकून माझ्या पायावर पाणी ओतत होते आणि योहानाचा तेरावा अध्याय वाचला जात होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की येशूने पाय धुतले त्या वेळी त्याला धरून देणारा यहूदा अजून तिथेच बसलेला आहे. तो बाहेर जातो ते नंतर, घास घेतल्यावर. म्हणजे त्याचेही पाय धुतले गेले. प्रभूला सगळं ठाऊक असताना.

मी ओल्या पायांनी जागेवर येऊन बसले आणि पुढचं काही ऐकलंच नाही. यशयाच्या ५८व्या अध्यायात देव विचारतो, तुम्ही उपास करता आणि भांडता, हा कसला उपास? मला पसंत असलेला उपास म्हणजे अन्यायाच्या बेड्या सोडणं, भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं आणि आपल्याच रक्तामांसाच्या माणसापासून तोंड न लपवणं. ते शेवटचं वाक्य मी किती वेळा वाचलं असेल! आपलं रक्तमांस म्हणजे कोण, हा प्रश्न मला तोवर पडलाच नव्हता.

त्या रात्री मावशीला पत्र लिहिलं असं सांगायला आवडलं असतं. लिहिलं नाही. लिहायला आणखी दोन वर्षं लागली. तिचं उत्तर यायलाही चार महिने गेले. अजूनही आम्ही बोलतो तेव्हा काही विषयांना वळसा घालतो. पण बोलतो. तुला हे सांगायचं कारण असं की माझा तो न मोडलेला उपवासकाळ आणि तुझा हा मोडलेला, यांत देवाच्या जवळचा कुठला ते मला तुझ्याइतक्या खात्रीने सांगता येणार नाही.

येशूच्या शिष्यांतल्या पेत्राकडे ये आता. तू लहान असताना तुला तोच आवडायचा, कारण तो पाण्यावर चालला. मला तो आवडायला लागला तो बुडाला म्हणून. शेवटच्या भोजनाच्या वेळी तो येशूला म्हणतो, तुझ्यासाठी मी माझा प्राण देईन. त्याच रात्री येशूला धरून नेलं, आणि प्रमुख याजकाच्या वाड्यात, थंडी होती म्हणून चाकरांनी कोळशांचा विस्तव पेटवला होता, त्यांच्यात उभा राहून तो शेकत होता. वाड्यात येताना दारावरच्या दासीने त्याला विचारलं, तूही या माणसाच्या शिष्यांपैकी ना? शिपाई नाही, याजक नाही, दारावरची एक मुलगी. आणि पेत्र म्हणाला, नाही. मग विस्तवापाशी आणखी दोनदा. मग कोंबडा आरवला. लूक इथे एक ओळ घालतो जी शुभवर्तमान लिहिणाऱ्या बाकीच्या तिघांकडे नाही: प्रभूने वळून पेत्राकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते लूक सांगत नाही, मीही सांगू शकत नाही. पेत्र बाहेर जाऊन रडला.

मार्काचं शुभवर्तमान उघड. रविवारी पहाटे तीन स्त्रिया येशूच्या कबरेकडे निघाल्यात: मग्दालीया मरीया, याकोबाची आई मरीया आणि शलोमे. वाटेत त्यांना एकच काळजी, कबरेच्या तोंडावरची धोंड कोण लोटून देईल? पोचतात तर धोंड लोटलेली, आत पांढरा झगा घातलेला तरुण, आणि तो म्हणतो, जा, त्याच्या शिष्यांना आणि पेत्राला सांगा. ‘आणि पेत्राला’. पेत्र शिष्यांतलाच होता, वेगळं नाव घ्यायची गरज नव्हती. पण त्या दोन दिवसांत पेत्राने स्वतःला शिष्यांत धरलं असेल का? ‘शिष्यांना सांगा’ एवढाच निरोप गेला असता तर तो कोपऱ्यात बसून म्हणाला असता, तो तुमच्यासाठी आहे, मी काही येत नाही.

तुझा निरोप वाचताना मला हेच दोन शब्द आठवत होते.

पुढचं योहानाच्या शेवटच्या अध्यायात आहे. पेत्र म्हणतो, मी मासे धरायला जातो. माणूस हरला की जुन्या कामाकडे जातो. रात्रभर जाळ्यात काही नाही. पहाटे किनाऱ्यावर कुणीतरी उभा, तो म्हणतो उजवीकडे टाका, आणि १५३ मोठे मासे. (योहानाने मोजून लिहिलेत, मला हे फार आवडतं. कुणीतरी बसून खरंच मोजले असणार.) पेत्र पाण्यात उडी टाकून किनाऱ्याला येतो, आणि तिथे काय बघतो? कोळशांचा विस्तव. आमच्या बायबल अभ्यासात पाळकसाहेबांनी सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला: मूळ ग्रीकमध्ये कोळशांच्या विस्तवासाठी योहानाने वापरलेला हा शब्द अख्ख्या नव्या करारात दोनच ठिकाणी येतो, वाड्यातल्या त्या रात्री आणि किनाऱ्यावरच्या या पहाटे. वास तोच, ऊब तीच. तिथे त्याने तीनदा नाही म्हटलं होतं, इथे येशू त्याला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला वाईट वाटतं. वाटणारच. पण त्या रात्रीबद्दल एक अक्षर नाही. ‘का केलंस’ नाही, ‘पुन्हा करणार नाहीस ना’ नाही. आधी ‘या, न्याहारी करा’, आणि मग ‘माझी मेंढरे चार’.

नेम पुन्हा धर म्हणून मी तुला सांगणार नाही. धरावासा वाटला तर आज रात्री दहाला धर, दहावी रात्र समज, मागचं भरून काढायला जाऊ नको. नाही वाटलं तर नुसतं ते स्तोत्र वाच, मोबाइलवर वाचलंस तरी चालेल. तुझे बाबा म्हणतील मी फार सवलत देते. ते तसं पहिल्यापासून म्हणत आलेत.

आणि उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) तुला काही वाटलं नाही, रडू आलं नाही, तरी घाबरू नको. वधस्तंभावरून येशू स्वतः २२व्या स्तोत्राची पहिली ओळ म्हणतो, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? त्याला जे विचारावंसं वाटलं ते विचारायची तुला चोरी नाही. त्यानंतरच्या शनिवारबद्दल तर शुभवर्तमानांत जेमतेम काही आहे. लूक म्हणतो, त्या स्त्रिया आज्ञेप्रमाणे शब्बाथ दिवशी, म्हणजे विसाव्याच्या दिवशी, स्वस्थ राहिल्या. सुगंधी द्रव्यं तयार, माणूस कबरेत, आणि हातात करायला काही नाही. असेही दिवस त्या आठवड्यात धरलेले आहेत.

ईस्टरला यायचं की नाही ते तू ठरव. सुट्टीची अडचण असेल तर पुढच्या रविवारी ये. पहिल्या रविवारी संध्याकाळी प्रभू शिष्यांना भेटला तेव्हा थोमा नावाचा शिष्यही घरात नव्हता. बाकीच्यांनी कितीही सांगितलं तरी त्याने ऐकलं नाही, आणि आठ दिवसांनी प्रभू पुन्हा आला, बंद दारांतून, त्याच्या एकट्यासाठी. शिवाय ईस्टरचा काळ पेंटेकॉस्टपर्यंत (पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत) पन्नास दिवसांचा असतो, उपवासकाळाहून मोठा.

मावशीला दोन्ही रविवारी बोलावलं आहे. ती कधी येईल ते तिने अजून कळवलेलं नाही.

तुझी,
आई