निरो कधीचा?

फोंडा,
एप्रिल

प्रिय सुध्या,

दिवाळीपासून पत्र नाही की फोन नाही. रागावला असशील, तर रागाव. पण रविवारी झालं ते घरी सांगितलं तर "त्यात काय एवढं?" म्हणतील, म्हणून तुलाच लिहितोय. तब्येत बरी आहे, लिव्हरचे रिपोर्टही बरे आले.

काजूचा सीझन आहे. आमचं अख्खं डिपार्टमेंट वाळपईच्या पुढे एका भट्टीवर गेलं होतं. काजूच्या पहिल्या धारेची उर्राक, लिम्का, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची. गाडीतून उतरायच्या आधीच वास आला. मी नको म्हटल्यावर वकिली सुरू झाली. "उर्राक म्हणजे काय दारू? फेणीच्या निम्मीसुद्धा कडक नाही!" "फेणीला २००९ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ साली सरकारने तिला वारशाचा मान दिला, आणि तू कसला गोंयकार रे?" वारसा असेल, पण पहिला घोट आपल्याला कुठे नेतो ते तुला नि मला माहीत आहे.

भट्टीवाल्याच्या आईने स्टीलच्या ग्लासात निरो आणून दिला. "घे पुता, हातूंत सोरो ना." म्हणजे ह्यात दारू नाही. तुडवलेल्या बोंडांचा चोथा दगडाखाली दाबला की गळतो तो रस. लहानपणी मी तांब्यातांब्याने प्यायलोय. ग्लास ओठांपर्यंत नेला आणि काठाशी बारीक बुडबुडे दिसले. विचारलं, "माये, कधीचो?" म्हणाली, सकाळचा. दुपारचे दोन वाजून गेले होते आणि ऊन असं की रस आंबायला किती वेळ लागणार? मी ग्लास खाली ठेवला. "हा रसालाही घाबरतो!" म्हणून सगळे हसले. म्हातारीने मात्र काही न विचारता ग्लास उचलला आणि सोलकढी आणून दिली. सुध्या, त्या क्षणी तू शेजारी हवा होतास.

हसण्याचं मला काही नाही. जूनमध्ये शिफ्ट इनचार्जची जागा भरायची आहे आणि ती ऑफिसात नाही, दारूच्या बैठकीत ठरते. ट्रेनिंगला कोण जाणार, कुणाची रजा कापणार, हे मला सोमवारी कळतं. तू कॉन्ट्रॅक्टरांबरोबर सोडा घेऊन बसायचास तेव्हा मी तुझ्याशी भांडलो होतो, दारू सोडायला मुक्तांगणात होतो तेव्हा कॅरमच्या राणीवरून भांडलो त्याहून जास्त. (राणी तू कव्हर केलीच नव्हतीस, हे आजही सांगतो.) आज तोच सोडा माझ्यासमोर आहे. कामात मी कुणाहून कमी नाही, मग संध्याकाळी टेबलावर नसतो एवढ्यावरून का मागे राहायचं? सोमवारी केबिनमध्ये जाऊन साहेबांना म्हटलं, शिफ्टचं जे काही असेल ते दिवसा बोलूया. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शनिवारी ये, बसून बोलू."

वहिनींचं दुकान कसं चाललंय? पोरीची बारावी झाली ना? आईंना नमस्कार सांग.

शनिवारी जायचं नाही, असं आत्ता तरी ठरवलंय. तरी आठ वाजता फोन कर. मी उचलला नाही, तर हिच्या नंबरवर कर.

तुझा,
विन्या