पिल्लू घेण्याआधी ब्रीडरची नोंदणी गावातच तपासता यावी : पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, पशुसंवर्धन विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : नोंदणीकृत श्वान प्रजननकर्त्यांची यादी तालुका पातळीवर प्रसिद्ध करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहणारा कोरडवाहू शेतकरी आहे. कापूस, तूर आणि सोयाबीन ही आमच्या भागातली पिके, आणि ती उभी असताना रानडुकरे व रोही यांच्यापासून राखायची म्हणजे रात्री वावरात जागलीला जाणे आलेच. अशा ठिकाणी कुत्रा हा सोबती असतो. आजवर ही सोबत गावठी कुत्र्यांनी उत्तम केली आणि ती पुढेही करतील, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु अलीकडे लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, डॉबरमन, रॉटवायलर अशा जातींची पिल्ले आमच्या गावांत मोठ्या हौसेने आणली जाऊ लागली आहेत. सोयाबीन विकून हाती आलेल्या पैशातून कुणी मुलाच्या हट्टाखातर, तर कुणी शेतातल्या घराच्या राखणीसाठी पिल्लू घेतो, आणि त्यांतली कितीतरी पिल्ले घरी आल्यावर आठवडाभरातच दगावतात.

हा व्यवहार कसा होतो, ते आपल्यासमोर मांडणे आवश्यक वाटते. व्हॉट्सअॅपवर फोटो येतो, त्याखाली ‘डबल बोन’, ‘हेवी बोन’ असे शब्द असतात, टोकन म्हणून काही रक्कम मोबाइलवरून पाठवावी लागते, आणि मग एका मोठ्या शहरातून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने भोके पाडलेल्या खोक्यातून पिल्लू पाठवले जाते. ‘डबल बोन’ नावाचा कोणताही प्रकार प्राणिशास्त्रात नाही. तो विक्रेत्यांनी किंमत वाढवण्यासाठी रूढ केलेला शब्द आहे, पण तो ऐकूनच आमच्याकडची माणसे जास्त पैसे मोजतात. पिल्लाची आई कुणी पाहिलेली नसते, ते किती दिवसांचे आहे हे कुणाला ठाऊक नसते आणि पावती मागावी हे कुणाला सुचत नाही. मागितली तरी ती मिळत नाही.

या पिल्लांचा जीव बहुतेक वेळा पार्वो या विषाणूजन्य आजाराने जातो. आमच्या शेजारच्या घरात आलेले पिल्लू पहिले दोन दिवस अंगणभर खेळत होते. त्यानंतर त्याने खाणे सोडले, उलट्या सुरू झाल्या, पाठोपाठ रक्ताचे जुलाब लागले आणि सलाईन लावूनही ते वाचले नाही. विक्रेत्याला फोन केला तेव्हा, आमच्याकडून निघाले तेव्हा ते ठणठणीत होते, तुमच्याकडच्या हवेने आजारी पडले, असे उत्तर मिळाले. या उत्तरातला पहिला भाग खरा असू शकतो आणि नेमका त्याच्याच आड विक्रेता लपतो. पार्वोची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणपणे तीन ते सात दिवस जातात. म्हणजे प्रवासाला निघताना निरोगी दिसणारे पिल्लू आजार सोबत घेऊनच निघालेले असू शकते. आईच्या चिकाच्या दुधातून मिळालेले संरक्षण साधारणपणे सहाव्या आठवड्यापासून ओसरू लागते आणि लसीने स्वतःची प्रतिकारशक्ती पुरती तयार होण्यास अवकाश असतो. या मधल्या काळात पिल्लाला आईपासून तोडून रात्रभराच्या प्रवासाला पाठवणे म्हणजे त्याला आजाराच्या तोंडी देणे होय. शिवाय हा विषाणू जमिनीत आणि फरशीच्या फटीत कित्येक महिने टिकून राहतो. त्यामुळे त्याच घरात पुढे आणलेले दुसरे पिल्लूही लसीकरण पूर्ण नसेल तर धोक्यात असते, आणि ही गोष्ट घरच्यांना सहसा कुणी सांगत नाही.

हे सारे टाळण्यासाठी कायदा नव्याने करण्याची गरज नाही, तो आहेच. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियमाखाली केंद्र सरकारने २०१७ साली श्वान प्रजनन व विपणन नियम लागू केले. त्यांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय कुणालाही कुत्र्यांचे प्रजनन करून पिल्ले विकता येत नाहीत. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. मादी अठरा महिन्यांची होण्यापूर्वी तिच्यापासून पिल्ले घेता येत नाहीत, आठ वर्षांनंतरही घेता येत नाहीत आणि तिच्या आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेळा तर मुळीच नाहीत. कुत्र्यांना मायक्रोचिप लावणे आणि त्यांच्या नोंदी ठेवणे हीसुद्धा प्रजननकर्त्याची जबाबदारी आहे. हे नियम वाचताना मला मनापासून बरे वाटले, कारण ज्याने कुणी ते लिहिले त्याने पिंजऱ्यातल्या मादीचा विचार केला आहे. पिल्लू घेणाऱ्याला ती मादी कधी दिसत नाही. पण वर्षातून दोनदा वेत काढून खंगलेल्या आईची पिल्लेही अशक्तच निपजतात.

महोदय, अडचण यापुढे सुरू होते. नोंदणी कुणाची झाली आहे आणि कुणाची नाही, हे आमच्यासारख्याने कुठे पाहायचे? तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या भिंतीवर लाळ-खुरकूत, घटसर्प आणि लम्पी यांचे फलक मी पाहिले आहेत. नोंदणीकृत श्वान प्रजननकर्त्यांची यादी मात्र तिथे पाहिलेली नाही, पंचायत समितीतही नाही. तेथील डॉक्टरांना मी दोष देत नाही. तालुक्यातली सगळी गायी-गुरे आणि शेळ्या सांभाळून ते आमच्या कुत्र्यांकडेही आस्थेने पाहतात. पण समोर आलेले पिल्लू वैध ठिकाणाहून आले की नाही, हे ठरवण्याचे साधन त्यांच्याही हाती असायला हवे.

नोंदणी आणि वंशावळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही आमच्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाचे प्रमाणपत्र, ज्याला बाजारात ‘केसीआय पेपर’ म्हणतात, ते पिल्लाच्या आईवडिलांची आणि त्यामागच्या पिढ्यांची नोंद सांगते. पिल्लू निरोगी आहे किंवा विकणाऱ्याकडे शासनाची नोंदणी आहे, असे त्या कागदावरून सिद्ध होत नाही. लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष वंशपरंपरेने येतो आणि तो आईवडिलांच्या क्ष-किरण तपासणीतून कळतो. डॉबरमनमध्ये हृदयाच्या स्नायूंचा आजार पुढच्या पिढीत जातो. चांगला प्रजननकर्ता अशा तपासण्यांचे कागद स्वतःहून दाखवतो, पिल्लाची आई दाखवतो, लसीच्या बाटलीवरची चिकटपट्टी आणि पशुवैद्यकाची सही व नोंदणी क्रमांक असलेले कार्ड देतो, आणि पिल्लू कुठे ठेवणार, दिवसभर त्याच्याजवळ कोण असेल, असे घेणाऱ्यालाच उलट विचारतो. असे प्रामाणिक लोक आपल्या राज्यात आहेत. यादी जाहीर नसल्यामुळे त्यांचेही नुकसान होते, कारण स्वस्तात विकणाऱ्या बेकायदा माणसात आणि त्यांच्यात फरक करणे ग्राहकाला शक्य होत नाही.

विदर्भाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आपण लक्षात घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ताडोबा-अंधारी, मेळघाट, पेंच, बोर आणि नवेगाव-नागझिरा हे पाचही व्याघ्र प्रकल्प आमच्या भागात आहेत आणि त्यांच्या काठाने शेकडो गावे आहेत. कुत्र्यांमधला डिस्टेंपर हा आजार वाघ-बिबट्यांनाही होऊ शकतो. २०१८ साली गीरच्या जंगलात तेवीस सिंह दगावले, तेव्हा त्यांतील काहींमध्ये हाच विषाणू आढळला होता. लस न दिलेली पिल्ले जंगलकाठच्या गावांत अशी बिनबोभाट येत राहिली, तर प्रश्न एका घराच्या अंगणापुरता उरत नाही. त्यासाठी या गावांमध्ये कुत्र्यांचे लसीकरण पशुसंवर्धन आणि वन या दोन्ही विभागांनी मिळून करावे.

हवामानाचेही तेच. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीचा पारा उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. त्या उन्हात हस्की, सेंट बर्नार्ड किंवा चपट्या नाकाचा पग पत्र्याच्या शेडमध्ये वाढवणे ही क्रूरता आहे आणि नोंदणी देताना जागेची पाहणी उन्हाळ्याचा विचार करूनच झाली पाहिजे.

शिक्षेविषयी थोडे लिहितो. १९६० च्या अधिनियमातील कलम ३८ नुसार या नियमांच्या भंगासाठी शंभर रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. एका पिल्लाचे हजारो रुपये घेणाऱ्याला शंभर रुपयांचे भय वाटणार नाही, हे उघड आहे. ती रक्कम वाढवणे केंद्राच्या हाती आहे आणि राज्याने तशी शिफारस आग्रहाने करावी. तोवर आपल्या हाती जे आहे, ते कमी नाही.

नोंदणीकृत प्रजननकर्त्यांची आणि पेट शॉपची जिल्हानिहाय यादी, नोंदणी क्रमांक व मुदतीसह, मराठीत प्रसिद्ध करून ती प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि ग्रामपंचायतीत लावण्याचे आदेश आपण द्यावेत. १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर एखाद्याचा नोंदणी क्रमांक खरा आहे की नाही, एवढे विचारण्याची सोय करावी. ही नोंदणी लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खालील अधिसूचित सेवांमध्ये आणावी, म्हणजे खेड्यात एक-दोन माद्या नीट सांभाळून पिल्ले विकू पाहणाऱ्या तरुणाला पुण्याच्या आयुक्तालयापर्यंत चकरा माराव्या लागणार नाहीत आणि तोही कायद्याच्या चौकटीत येईल. प्रत्येक विक्रीची पावती, मायक्रोचिपचा क्रमांक आणि लसीकरणाचे कार्ड दिल्याशिवाय पिल्लू हस्तांतरित होऊ नये. पावती हाती असेल तरच फसवल्या गेलेल्या माणसाला जिल्हा ग्राहक आयोगापुढे उभे राहता येते. खाजगी प्रवासी बसमधून पिल्ले पार्सल म्हणून पाठवण्यावर परिवहन विभागाच्या मदतीने तत्काळ आळा घालावा.

नागपुरात महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे, अकोल्यात पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था आहे. कर्नाटकात मुधोळजवळ तिम्मापूर येथे तेथील पशुवैद्यकीय विद्यापीठ मुधोळ जातीच्या कुत्र्यांचे केंद्र चालवते. आपल्याकडे कारवान म्हणून ओळखली जाणारी हीच ती जात, उन्हाला सरावलेली आणि राखणीला योग्य. आपल्या विद्यापीठाने असे एक केंद्र विदर्भात सुरू केले आणि त्यासोबत प्रजननासाठी वापरल्या जाणाऱ्या कुत्र्यांच्या खुब्याची व डोळ्यांची तपासणी माफक शुल्कात उपलब्ध करून दिली, तर शेतकऱ्याला खात्रीचे पिल्लू जवळच मिळेल. केंद्राला वेळ लागेल, पैसा लागेल, हे मी जाणतो. यादीला मात्र फारसा खर्च नाही. ती निदान विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांपुरती दिवाळीपूर्वी प्रसिद्ध व्हावी, कारण कापूस-सोयाबीनचा पैसा हाती येण्याचा आणि पिल्ले विकत घेतली जाण्याचा काळ तिथूनच सुरू होतो.

आपल्या लेखी उत्तराची मी वाट पाहीन.

आपला विश्वासू,
एक शेतकरी,
जिल्हा यवतमाळ