देगूला जाशील तेव्हा

चि. मुग्धा,
अनेक आशीर्वाद.

पुढच्या महिन्यात एका शनिवारी तिकडे कोरियात देजॉनहून देगूला जायचं म्हणतेस आणि यादीत जागा एकच, बीटीएस बँडमधल्या तुझ्या ताएह्योंगचं चित्र असलेली भिंत. ती बघच. पण तेवढी बघून, फोटो काढून परत फिरू नकोस. युनेस्कोने २०१७ मध्ये देगूला संगीताच्या शहरांच्या यादीत घेतलं (त्याच वर्षी आपलं चेन्नईही त्या यादीत आलं), आणि हे संगीत तिथे पायी फिरणाऱ्याला भेटतं. मधल्या वस्तीतली सगळी ठिकाणं मिळून चार-पाच किलोमीटरची चाल आहे. तेवढी तू सहज करशील. फक्त क्रम नीट लाव आणि प्रत्येक ठिकाणी बसून ऐकायला वेळ ठेव.

आधी जाण्याचं. केटीएक्स या वेगवान रेल्वेने देजॉनहून पाऊण तासाच्या आसपास लागतो, पण तिकीट दोंगदेगू स्टेशनचं काढ. देगू नावाचं वेगळं स्टेशन आहे, तिथे प्रामुख्याने साध्या गाड्या थांबतात. नवखी माणसं या दोन नावांत हमखास गोंधळतात. दोंगदेगूहून मेट्रोची एक नंबरची लाइन धर, पाचवं स्टेशन बानवोलदांग. तिथे दोन नंबरची लाइन बदलून पश्चिमेला एकच स्टेशन गेलं की चोंगना टेकडी स्टेशन. तुझं बस-मेट्रोचं टी-मनी कार्ड देगूतही चालतं. ते रिचार्ज करायला रोख पैसे लागतात, म्हणून दहा-वीस हजार वॉन सुटे जवळ असू देत. चालायच्या रस्त्यासाठी नेव्हर किंवा काकाओचा नकाशा वापर. गूगलचा नकाशा कोरियात पायी जायची वाट धड दाखवत नाही, आणि देगूच्या जुन्या गल्ल्यांत तर त्याच्यावर अजिबात विसंबू नकोस.

भिंत बिसान-दोंगमध्ये आहे, बाकीच्या वाटेपासून बरीच पश्चिमेला. ताएह्योंग देगूत जन्मला आणि तिथल्या तेसोंग प्राथमिक शाळेत शिकला. त्या शाळेच्या कुंपणभिंतीवर २०२१ च्या अखेरीस त्याच्या वाढदिवसाच्या निमित्ताने चिनी चाहत्यांनी ते चित्र काढून घेतलं, जवळपास ६० मीटर लांब आणि २ मीटर उंच. ती पायी गाठायच्या भानगडीत पडू नकोस, सकाळी सगळ्यात आधी चोंगना टेकडी स्टेशनहून टॅक्सीने जा. तेसोंग नावाच्या शाळा इतर शहरांतही आहेत, त्यामुळे शोधताना सो-गू, बिसान-दोंग हा भाग जोडून शोध आणि हंगुलमधला, म्हणजे कोरियन लिपीतला, पत्ता ड्रायव्हरला फोनवर दाखव. भिंत रस्त्याच्या बाजूने दिसते, आत शिरायची गरज नाही. ती चालू शाळा आहे, म्हणून शनिवार निवडलास ते उत्तम केलंस. मुलं दिसलीच तर त्यांचे फोटो घ्यायचे नाहीत. एवढी लांब भिंत एका फोटोत मावत नाही. समोरच्या फुटपाथवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालत बघ.

तिथून टॅक्सीनेच चोंगना टेकडीवर ये, शक्यतो दहाच्या आत. देगू खोलगट जागी वसलंय, उत्तरेला पालगोंगसान आणि दक्षिणेला आपसान हे डोंगर, त्यामुळे उन्हाळ्यात गरम हवा तिथेच कोंडून राहते. १ ऑगस्ट १९४२ ला तिथे ४० अंश तापमान नोंदलं गेलं होतं आणि पुढे २०१८ पर्यंत देशातला तोच उच्चांक राहिला. आपल्याला ४० अंशांचं काय, असं म्हणशील, पण दमट हवेतले ३५ अंश नागपूरच्या कोरड्या उन्हापेक्षा जास्त घाम काढतात. म्हणून उघड्यावरची टेकडी सकाळी, बंद खोलीतलं ऐकणं दुपारी आणि नदीकाठची गल्ली उन्हं कलल्यावर.

टेकडीवर मिशनऱ्यांची लाल विटांची तीन जुनी घरं आहेत आणि जवळच एका गाण्याचा दगडी स्तंभ. संगीतकार पाक थे-जुन (१९०० ते १९८६) देगूचाच. शाळकरी वयात इथल्या मुलींच्या शाळेतली एक मुलगी त्याला आवडायची, पण तिच्याशी बोलायचं धाडस त्याला कधी झालं नाही. पुढे मासान गावात शिक्षक असताना त्याने हे सहकारी कवी ली उन-सांगला सांगितलं, कवीने त्यावर शब्द लिहिले आणि पाकने चाल लावली. त्या शब्दांत ही टेकडी आहे आणि लिलीचं फूल आहे, ते फूल म्हणजे ती मुलगी. कोरियातल्या कितीतरी पिढ्या हे गाणं शाळेत शिकल्या. स्तंभापाशी उभी राहून ते एकदा पूर्ण ऐक. सरळ, हळू चढत जाणारी चाल आहे, भावगीतं ऐकून वाढलेल्या कानाला परकी वाटत नाही.

टेकडीवरून उतरायला नव्वद पायऱ्यांची वाट आहे. मार्च १९१९ च्या स्वातंत्र्य आंदोलनात शाळकरी मुलं जपानी पोलिसांची नजर चुकवून याच वाटेने बाजाराकडे गेली. खाली रस्ता ओलांडलास की दोन मनोऱ्यांचं ग्येसान कॅथेड्रल, आणि त्याच्यामागे वनौषधींचा बाजार. सतराव्या शतकापासूनचा आहे, वास दुरूनच येतो. इथे रेंगाळली नाहीस तरी चालेल.

जेवण सोमुन बाजारात करायचं असेल तर ते टेकडीवरून उतरायच्या आधी कर, कारण बाजार टेकडीच्या दुसऱ्या अंगाला आहे आणि नंतर उलटं यावं लागतं. तिथे नापजाक मांदू खा, देगूचा खास पदार्थ. अगदी चपटी, पातळ, तव्यावर परतलेली, आत शेवयांसारखे काचेरी नूडल्स आणि थोडी पात, वरून सोया सॉस आणि तिखट. बहुतेक ठिकाणी आत मांस नसतं, तरी विचारून घे. खालगुक्सू मात्र तुला चालणार नाही. दिसायला ती साध्या भाजीच्या रश्श्यातली शेवई वाटते, पण तो रस्सा सहसा सुकवलेल्या छोट्या मासळीचा असतो.

दुपारी ह्यांगचोन-दोंग. इथे घाई करू नकोस, माझ्या मते अख्ख्या दिवसातलं सगळ्यात मोलाचं ठिकाण हेच. १९५० मध्ये युद्ध सुरू झालं आणि उत्तरेचं सैन्य जवळजवळ सगळा देश गिळत खाली आलं, तेव्हा नाकदोंग नदीच्या आडोशाने जो कोपरा टिकून राहिला त्यात देगू होतं. सोलहून पळालेले कवी, चित्रकार, वादक या भागातल्या चहाघरांत गोळा झाले. तबकड्या आणि त्या वाजवायचं यंत्र घरी असणं तेव्हा फार थोड्यांना परवडायचं. म्हणून संगीतश्रवणाच्या खोल्या निघाल्या. जायचं, खुर्चीत बसायचं, मोठ्या स्पीकरवर बाख किंवा बीथोव्हन ऐकायचा. नोक्ह्यांग ही त्यातली सगळ्यात जुनी मानली जाते, १९४६ सालची. रनेसाँस नावाची दुसरी १९५१ मध्ये इथेच निघाली आणि युद्धानंतर सोलला गेली. नोक्ह्यांग देगूतच राहिली, आणि आता ह्यांगचोन सांस्कृतिक केंद्राच्या तळघरात आहे.

आधी वरचे मजले बघून घे, युद्धकाळातल्या गल्ल्या आणि चहाघरं तिथे पुन्हा उभी केली आहेत. ते पाहिल्यावर खाली बसून ऐकणं वेगळंच लागतं. तळघरात भिंतीला लागून तबकड्या, समोर स्पीकर आणि त्यांच्याकडे तोंड केलेल्या खुर्च्या. फोन बंद, गप्पा बंद. निदान एक रचना पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत ऐक. मधली जागा धर, कडेला बसलं की एकाच बाजूचा स्पीकर कानावर येतो आणि व्हायोलिनं व चेलो वेगळे कळत नाहीत. तुझं जाणं पुढे ढकललं गेलं तर सोमवार टाळ, सोमवारी केंद्र बंद असतं.

बाहेर पडून चहा हवा असेल तर जवळच्या जिन-गोलमोक या जुन्या गल्लीत मिदो दाबांग आहे. तिथल्या सांगह्वा काढ्यात अंड्याचा बलक घालतात. नको असेल तर आधीच सांग.

चारच्या सुमारास पूर्वेकडे निघ. साधारण अर्धा तास चालायचं, पाय दुखत असतील तर बानवोलदांगहून मेट्रोने एकच स्टेशन, ग्योंगदे हॉस्पिटल, तीन नंबरची बाहेर पडायची वाट. तिथून बांगचोन बाजार आणि सिनचोन ओढ्याच्या बांधाला लागून किम ग्वांग-सोक या गायकाच्या नावाची गल्ली. रोमन लिपीत त्याचं नाव दोन-तीन तऱ्हांनी लिहितात, त्यामुळे एका स्पेलिंगने नाही सापडली तर हंगुलमध्ये शोध.

किम ग्वांग-सोक या भागात १९६४ मध्ये जन्मला, लहानपणीच सोलला गेला आणि ६ जानेवारी १९९६ ला वारला, वयाची बत्तीस वर्षंही पुरी झाली नव्हती. गिटार, गळ्यात अडकवलेल्या तारेच्या चौकटीत हार्मोनिका आणि एकट्याचा आवाज. दोन्ही हात गिटारवर असल्याने हार्मोनिका तशी बसवावी लागते. छोट्या नाट्यगृहांत तो गायचा, १९९५ मध्ये सोलच्या हाकचोन थिएटरमध्ये त्याचा हजारावा प्रयोग झाला. जेमतेम साडेतीनशे मीटरची ही गल्ली २०१० पासून चित्रांनी भरत गेली. गल्लीच्या तोंडाशी गिटार घेऊन बसलेला त्याचा कांस्यपुतळा आहे, आणि भिंतीवर एका चित्रात तो रस्त्याकडेच्या तंबूतला खाणावळवाला होऊन गिऱ्हाइकाला वाढतोय. जवळ जाऊन चेहरा बघ. हसताना डोळ्यांच्या कडांना पडणाऱ्या सुरकुत्या चित्रकारांनी नीट पकडल्या आहेत. स्पीकरवर गाणी चालूच असतात, पण आजूबाजूच्या दुकानांचा आवाज त्यात मिसळतो. म्हणून आदल्या रात्री त्याची चार-पाच गाणी शब्दांचा अर्थ समोर ठेवून ऐक. तो मोठ्या सुरावटींचा गायक नाही, शब्दांचा आहे, अर्थ न कळता ऐकलास तर एकसुरी वाटेल.

त्यातलं एक तू ऐकायलाच हवंस. घर सोडून सैन्यात भरती व्हायला निघालेल्या मुलाचं गाणं. कोरियात मुलांना लष्करी सेवा सक्तीची, पायदळात दीड वर्ष, त्यामुळे भरतीच्या आधी हे गाणं मित्र-मैत्रिणी पिढ्यान्‌पिढ्या गात आलेत. ताएह्योंग डिसेंबर २०२३ मध्ये भरती झाला आणि जून २०२५ मध्ये परतला, तेव्हा तुम्ही सगळ्यांनी दिवस मोजले होतेत. तुमचं ते वाट बघणं या गाण्यात आधीच लिहून ठेवलंय.

संध्याकाळी मन झालं तर देगू स्टेशनजवळच्या कॉन्सर्ट हाउसचा कार्यक्रम बघ, पण तिकीट आधी ठरवून. सामुनजिनचा घाट या खेपेला सोडून दे. मार्च १९०० मध्ये एका मिशनरी जोडप्याचा पियानो नदीतून तिथे उतरला, कोरियातला पहिला असं मानतात. हमालांनी तो खांद्यावर उचलून साधारण १६ किलोमीटर शहरात आणला, आणि आवाज ऐकून लोक त्याला भुताची पेटी म्हणू लागले. जागा शहराबाहेर आहे. शरद ऋतूत तिथे शंभर पियानोंची मैफल भरते, तेव्हा वेगळी जा.

परतीचं केटीएक्स तिकीट जातानाच काढ. शनिवार-रविवारी संध्याकाळच्या गाड्या भरतात आणि मग उभ्याने यावं लागतं. ठरल्या गाडीच्या तासभर आधी गल्लीतून निघ, मेट्रो बदलण्यात आणि दोंगदेगूला फलाट शोधण्यात वेळ जातो. बूट जुने, सवयीचे घाल. पोहोचलीस की फोन कर.

तुझी,
आई