मापं

कसबा पेठ, पुणे

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

तू एडिट केलेलं गाणं पाहिलं. फोनवर काही बोलायला गेले की "आई, तुला त्यातलं नाही कळत" म्हणतोस, म्हणून आपलं पत्र.

दुकानात गिऱ्हाइकं होती म्हणून आवाज बंद करून लावलं. रात्री पुन्हा पाहिलं, तेव्हाही आवाज बंदच ठेवला. आवाज नसला की शिवण दिसते. तुझा तो गाणारा मित्र आल्या आल्या डोक्यापासून बुटांपर्यंत अख्खा दिसतो. मुलगी येते ती कंबर म्हणून. मग पाठ, मांडी, ओठ. चेहरा यायला ४२ सेकंद लागतात (मोजले मी), तोही गॉगल लावलेला.

कपड्यांचं म्हणत नाहीये. खोल पाठीची ब्लाउजं मी रोज शिवते, हौसेनं शिवते. तुकडेही मला नवे नाहीत. छाती, कंबर, मुंढा, दंड, दिवसभर मी बायकांना तुकड्यांतच मोजते. पण वहीत मापांच्या वर नाव असतं, आणि जोडल्याशिवाय कापड परत जात नाही. तुझ्या गाण्यात ती शेवटपर्यंत सुटीच राहिली.

लॉरा मल्वी नावाच्या बाईंचा १९७५ सालचा लेख तूच मला समजावला होतास. पडद्यावर पुरुष गोष्ट पुढं नेतो आणि बाई आली की गोष्ट थांबते, तिला बघून घ्यायला. परीक्षेत पानभर लिहिलंस. मग एडिटला बसलास तेव्हा कुठं गेलं ते? त्यांना तसंच हवं होतं म्हणशील. मलाही गिऱ्हाइकं काय काय सांगतात!

आणि मी काही सोवळी नाही हं. बालगंधर्वला खास महिलांसाठी लावणी होती, भिशीतल्या बायकांबरोबर गेले होते, तिथं तुझ्या आईनं शिट्टी मारलीय. (शिकवली तुझ्या आत्यानं.) ती नाचणारी नऊवारीत गळ्यापासून घोट्यापर्यंत झाकलेली, पण नुसती भुवई उडवली की पुढची रांग गार. बघत होतो आम्ही, खेळवत होती ती. तुझ्या गाण्यातली पोरगी कुणाकडं बघते, ते मला सापडलंच नाही.

शेवटच्या पाट्या थांबवून थांबवून वाचल्या. ड्रोनवाल्याचं नाव आहे, गाडी ज्याची त्याचंही आहे. तिचं नाही. पुरं झाल्यावर तिला दाखवलंत का रे? आणि नाव काय तिचं?

निळ्या शर्टाची कॉलर उलटवून ठेवलीय. येशील तेव्हा घेऊन जा.

तुझी,
आई