अँब्युलन्स किती ते मोजता, बॅगेत काय आहे ते पण बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

अँब्युलन्सबद्दल पेपरात काही आलं की गाड्या किती आणि पोचायला किती वेळ लागला एवढंच असतं. मी पॅरामेडिक आहे, ठाण्यात खासगी अँब्युलन्सवर काम करतो, कधी कळवा-मुंब्रा कधी घोडबंदर, कधी रबाळे-महापेच्या कंपन्यांत स्टँडबाय, आणि ड्युटी सुटल्यावर आमच्या लाइनमधली मुलंमुली टपरीवर उभी राहून ज्या गोष्टींवर तावातावाने भांडतात त्या कुठेच छापून येत नाहीत म्हणून हे पत्र. भांडण एकाच गोष्टीवरून असतं, गाडी वेळेत पोचली समजा, पण उतरणाऱ्याच्या हातात काय आहे आणि तिथे त्याने नक्की करायचं काय हे कुणी ठरवलंय का?

रक्तस्रावाचंच घ्या. कोर्समध्ये आम्ही एबीसी शिकलो, आधी एअरवे म्हणजे श्वासाचा मार्ग, मग श्वास, मग सर्क्युलेशन म्हणजे रक्ताभिसरण. अमेरिकेच्या सैन्यात 1996 पासून टीसीसीसी (टॅक्टिकल कॉम्बॅट कॅज्युअल्टी केअर, म्हणजे लढाईत जखमींवर करायचे उपचार) म्हणून जी पद्धत आली तिच्यात हातापायातून धो धो जाणारं रक्त आधी थांबवतात, बाकी सगळं नंतर. पुढे 2015 मध्ये तिथेच साध्या नागरिकांना हे शिकवायची स्टॉप द ब्लीड मोहीम सुरू झाली. काही सीनियर म्हणतात हे युद्धाचं शास्त्र आहे, आपल्याकडे कुठे गोळ्या चालतायत. मला हे अजिबात पटत नाही. आपल्याकडे गोळ्या नसतील पण लोकल आहे, मुंब्रा बायपासवरचे टँकर आहेत, घोडबंदरला रात्रीचे ट्रेलर आहेत. 9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर लोकलमधून माणसं खाली पडली, त्यात जीव गेले, ते सगळ्या राज्याने बघितलं. पण मुंब्रा, कळवा, दिवा या पट्ट्यात रुळावर पाय तुटण्याच्या केसेस एरवी पण होतच असतात, त्याची बातमी चार ओळींची. मांडीची मोठी धमनी तुटली तर माणूस पाच मिनिटांच्या आत जाऊ शकतो, म्हणजे अँब्युलन्स माजिवड्याच्या सिग्नलला अडकलेली असतानाच काय ते ठरून जातं.

अशा ठिकाणी लोक काय करतात तर रुमाल किंवा ओढणी बांधतात. मनापासून करतात, त्यांना नावं ठेवायची नाहीयेत. पण रुमाल सैल बसला की वरच्या शिरा दाबल्या जातात, आतली धमनी चालूच राहते, आणि रक्त उलट जास्त जातं. टूर्निकेट म्हणजे साधारण दीड इंच रुंद पट्टा, त्याला एक छोटा दांडा. जखमेच्या दोन-तीन इंच वर लावायचा, गुडघ्यावर किंवा कोपरावर नाही, पट्टा आधीच करकचून ओढून घ्यायचा आणि मग रक्त थांबेपर्यंत दांडा पिळायचा. पेशंट ओरडतो, खूप दुखतं, त्याला सांगायचं दुखणारच आहे दादा पण सोडणार नाही. दांडा क्लिपमध्ये अडकवला की मार्करने त्यावर वेळ लिहायची कारण पुढच्या डॉक्टरला ती लागते, दोन तासांच्या आत पेशंट सर्जनच्या हातात पाहिजे. हे सगळं अर्ध्या मिनिटात व्हायला पाहिजे आणि ते वाचून होत नाही, हाताला सवय लागते. अस्सल पट्टा महाग पडतो, ऑनलाइन त्याची नक्कल निम्म्याहून कमी किमतीत मिळते आणि नेमका पिळताना तिचा दांडा मोडतो. मी आधी ज्या खासगी मालकाकडे होतो त्याच्याकडे ती नक्कल पण नव्हती, मागितली की उत्तर यायचं, कॉटन आहे ना गाडीत भरपूर.

बाकी बॅगेचं काय सांगू, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायचा फुगा) असते पण लहान मुलाचा मास्क नसतो, घशातलं रक्त-उलटी ओढायच्या सक्शन मशीनचं चार्जिंग गेलेलं असतं, ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला असतो पण त्याची चावी सापडत नाही. ट्रॉली स्ट्रेचर शोरूमसारखं चकचकीत, पण कळव्याच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत किंवा वागळेच्या जुन्या चाळीच्या जिन्यात ते वर जातच नाही, तिथे चादरीतून पेशंट उतरवावा लागतो आणि मानेला मार असेल तर त्या चादरीची मला भीती वाटते. स्कूप स्ट्रेचर (दोन भागांत सुटणारं, पेशंटला न हलवता खालून सरकवायचं) आणि जिन्यावरून पेशंट उतरवायची खुर्ची ही आपल्याकडे लक्झरी नाही, रोजची गरज आहे.

आता टीसीसीसीतल्या त्या टॅक्टिकल शब्दाबद्दल. आमच्यातल्या नवीन पोरांना व्हिडिओ बघून हिरवे व्हेस्ट, मांडीला बांधायच्या पाऊचा याचं फार आकर्षण आहे. मी त्यांना सांगतो की टॅक्टिकल म्हणजे कपडे नाहीत रे, कुठे उभं राहायचं, कधी आत जायचं, कुणाचं ऐकायचं हे आधी ठरलेलं असणं म्हणजे टॅक्टिकल. हॉट झोन म्हणजे जिथे धोका चालू आहे, वॉर्म झोन म्हणजे त्याच्या कडेचा भाग, कोल्ड झोन म्हणजे सुरक्षित जागा. टीटीसीतल्या (ठाणे-बेलापूर पट्ट्यातली एमआयडीसी) एखाद्या केमिकल कंपनीत गळती झाली तर हॉट झोनमध्ये बीए सेट (पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडाला मास्क) घातलेले फायर ब्रिगेडवालेच जाणार, आपण वारा जिकडून येतो त्या बाजूला थांबायचं, पेशंट बाहेर आला की आधी कपडे उतरवून भरपूर पाण्याने धुवायचा आणि मगच गाडीत घ्यायचा, नाहीतर गाडीतला स्टाफ पण पेशंट होतो आणि पुढे कॅज्युअल्टीतले लोक पण. डोंबिवली एमआयडीसीत 2016 आणि परत 2024 मध्ये स्फोट झाले, तेव्हा आपल्या भागात हे नवीन नाही.

तसंच खारघरचं, 16 एप्रिल 2023 ला कार्यक्रमाला आलेले 14 जण उन्हाने गेले. उष्माघातात नियम असा की आधी थंड करा मग हलवा, पाणी, बर्फ, पंखा जे मिळेल ते तिथल्या तिथे, कारण मेंदू तापलेला असताना जाणारी प्रत्येक मिनिट महाग असते. म्हणजे एवढ्या गर्दीच्या ठिकाणी गाड्यांच्या आधी कूलिंगचा मांडव लागतो आणि तिथे ट्रायज करणारा, म्हणजे कुणाला आधी उपचार हवेत ते ठरवणारा एक माणूस लागतो, लाल, पिवळा, हिरवा, काळा टॅग लावणारा, जो स्वतः एकाही पेशंटवर अडकून बसणार नाही. टेंभी नाक्याच्या दहीहंडीला, मोठ्या सभांना आम्ही स्टँडबायला असतो. तिथे आम्हाला गाडी कुठे लावायची ते सांगतात, पण ट्रायज कोण करणार, पोलिसांच्या वायरलेसवर आमच्या वतीने कोण बोलणार, हे मी विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. शिळफाट्याला 4 एप्रिल 2013 ला बिल्डिंग पडली, 74 माणसं गेली. त्यानंतर ठाण्याने स्वतःचं टीडीआरएफ, म्हणजे आपत्तीत धावून जाणारं दल उभं केलं, ही फार चांगली गोष्ट झाली. आता त्यांच्या, फायर ब्रिगेडच्या आणि रेल्वे पोलिसांच्या ड्रिलमध्ये आम्हा खासगी पॅरामेडिकना पण घ्या, पावसाळ्याच्या आधी एकदा तरी.

यात अजून एक गुंता आहे जो बाहेरच्यांना कळत नाही. आपल्या राज्यात 108 सुरू झाली 2014 मध्ये, तेव्हा 937 गाड्या, त्यातल्या 233 अ‍ॅडव्हान्स्ड, आणि तिथे पेशंटजवळ डॉक्टर असतो, ड्रायव्हरला पायलट म्हणतात. ते लोक जीव तोडून काम करतात, मी रोज बघतो. पण त्यामुळे पॅरामेडिक नावाचा माणूस आपल्याकडे खासगी गाड्या, कंपन्या आणि इव्हेंटमध्येच राहिला आणि त्याने काय करावं काय करू नये याची लाइन कुणी आखलीच नाही. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड हे रक्तस्राव कमी करणारं औषध तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाचे मृत्यू कमी होतात हे क्रॅश-2 ट्रायलने दाखवलं, पण मी ते गाडीत देऊ शकतो का, फोनवर डॉक्टरने सांगितलं तर देऊ शकतो का? वेगवेगळ्या मालकांची वेगवेगळी उत्तरं. 2021 च्या केंद्राच्या कायद्यात इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट हे नाव रीतसर आलंय, राज्यात कौन्सिल आणि रजिस्टर असायची तरतूद पण आहे. ते काम जोरात झालं पाहिजे, कारण आज काही आठवड्यांचं सर्टिफिकेट घेतलेला आणि तीन वर्षं शिकलेला एकाच युनिफॉर्ममध्ये एकाच पगारावर उभा असतो आणि पेशंटच्या घरच्यांना दोघांतला फरक कळायला काही मार्ग नसतो.

ठाणे आणि नवी मुंबई महापालिकेला, आणि रेल्वेला माझी विनंती आहे. ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, वाशी, पनवेल, निदान एवढ्या स्टेशनांवर मास्तरांच्या केबिनमध्ये अस्सल टूर्निकेट, प्रेशर बँडेज आणि कात्री असलेली एक पेटी ठेवा, आणि तिथले हमाल, आरपीएफचे जवान, स्टॉलवाले यांना ती वापरायला शिकवा, कारण रुळाजवळ पहिली पोचतात ती हीच माणसं. खासगी अँब्युलन्सची तपासणी करताना सायरन आणि कागद बघून सोडू नका, बॅग उघडायला लावा आणि टूर्निकेट लावून दाखव म्हणा. शिकवायला माणसं लागली तर आमच्यातले बरेच जण सुट्टीच्या दिवशी फुकट यायला तयार आहेत, पत्रासोबत माझा नंबर कार्यालयाकडे दिलेला आहे.

आपला नम्र,
एक पॅरामेडिक, कळवा (ठाणे)