तूप पानात वाढा, पातेल्यात नको

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुळशीचे लग्न लागले की मंगल कार्यालये गजबजू लागतात आणि व्हीगन मंडळींची अडचण सुरू होते. मांस-अंडी तर नाहीतच, पण दूध, दही, तूप, मधही न घेणारा पाहुणा येणार म्हटले की यजमान हवालदिल होतात. खरे तर मराठी पानातले बरेचसे पदार्थ मुळात बिनदुधाचे आहेत. अळूचे फदफदे, मटकीची उसळ, भरली वांगी, बटाट्याची भाजी, कटाची आमटी, चिंच-गुळातले मिरच्यांचे पंचामृत यांत दूध कुठेच नाही. ते येते अगदी शेवटच्या टप्प्यावर: मसालेभातावर सोडलेली तुपाची धार, वरणभातावर अन्नशुद्धी म्हणून वाढलेले तूप, कोशिंबिरीतले दही. केटरर मंडळींनी आणि यजमानांनी हा शेवटचा टप्पा पातेल्यातून पानात आणावा, एवढीच आमची विनंती आहे.

मसालेभात तेलाच्या फोडणीवर करावा आणि तूप मागेल त्याला वरून वाढावे. पुरणपोळीच्या कणकेला तेलाचे मोहन असतेच. पोळी तव्यावर तुपाऐवजी तेलावर किंवा कोरडी भाजून तूप शेजारी वाटीत दिले की काम झाले. कोशिंबिरीतला थोडा भाग दही घालण्याआधी काढून ठेवावा. त्यात दाण्याचे कूट, लिंबू आणि हिंग-मोहरीची फोडणी घालावी, पण मीठ वाढतानाच घालावे. आधी घातले तर काकडीला पाणी सुटते, आणि ते धरून ठेवायला इथे दही नसते. मठ्ठ्याबरोबर सोलकढी ठेवता येईल, फक्त कोकमाचे आगळ आयत्या वेळी मिसळावे. फार आधी मिसळले तर आंबटपणाने नारळाचे दूध फाटल्यासारखे होऊन पाणी वेगळे दिसते. श्रीखंड-बासुंदीला मात्र तडजोड नाही. जिलेबीचे पीठही अनेकदा दह्यात आंबवलेले असते. गोडात मालवणी शिरवाळे अवश्य करावेत: तांदळाच्या शेवया आणि गूळ विरघळवलेला नारळाचा रस. हा रस उकळायचा नसतो.

व्हीगन मंडळींनाही आमचे काही सांगणे आहे. पंगतीत बसल्यावर एकेक पदार्थ नाकारत गेलात तर यजमानीणबाई दुखावतात आणि पोटही भरत नाही. दोन-तीन दिवस आधी फोन करा. तत्त्वज्ञान सांगत बसू नका, पदार्थ सांगा: "मला वरणभात, भाजी, पोळी चालेल, फक्त तूप-दही नको." पोळीला तूप लावतात का, हे तेव्हाच विचारून घ्या. हॉटेलात "व्हीगन आहे का?" असे विचारले की "प्युअर व्हेज आहे" असे उत्तर मिळते, म्हणून प्रश्न कृतीचा करा: फोडणी तेलाची की तुपाची? ग्रेव्हीत क्रीम किंवा खवा आहे का? नानच्या पिठात बहुधा दही किंवा दूध असते. त्याऐवजी तंदुरी रोटी मागवा आणि "बटर लावू नका" हे ऑर्डर देतानाच सांगा. जैन थाळीत कांदा-लसूण नसतो, पण पनीर असू शकते. उपवासाची साबुदाण्याची खिचडी पुष्कळदा तुपातली असते.

पूजेच्या घरी तीर्थ म्हणजे दूध, दही, तूप, मध आणि साखरेचे पंचामृत. तिथे वाद घालू नये. नमस्कार करून फूल किंवा केळे घ्यावे. सत्यनारायणाचा शिरा हातात घेऊन शेजाऱ्याला दिला तर प्रसादाचा मान राहतो.

पाकिटबंद पदार्थांवरचा हिरवा ठिपका दुधाबद्दल काहीच सांगत नाही, इथे अनेकांची फसगत होते. घटकांच्या यादीत दुधाची भुकटी, व्हे, केसीन, मिल्क सॉलिड्स हे दुधापासूनचे घटक शोधावेत. त्याखाली अॅलर्जीची ओळ असते. तिथे 'कन्टेन्स मिल्क' असेल तर दूध घातलेले आहे. 'मे कन्टेन' म्हणजे त्याच कारखान्यातल्या दुधाचा अंश येण्याची शक्यता. केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2022 मध्ये व्हीगन पदार्थांचे नियम आणि स्वतंत्र हिरवे चिन्ह आणले, पण ते सगळ्याच पाकिटांवर नसते.

रोजच्या चहाला महागडे ओट दूध लागतेच असे नाही. एक वाटी शेंगदाणे रात्रभर भिजवून साले काढावीत, तीन वाट्या पाण्यात वाटून गाळावेत आणि ते दूध ढवळत उकळावे, म्हणजे उग्र वास जातो. सोयाचे दूध मात्र चहात उकळू नये. ते वेगळे कोमट करून गाळलेल्या चहात ओतावे, नाहीतर फुटते.

एक गोष्ट कोणीही टाळू नये. बी-12 जीवनसत्त्व मोड आलेल्या कडधान्यांतून किंवा इडलीतून पुरेसे मिळत नाही. कडधान्ये-पालेभाज्यांतल्या फोलेट या जीवनसत्त्वामुळे रक्ताच्या तपासणीत कमतरता झाकली जाऊ शकते आणि तोवर मज्जातंतूंना इजा होते. हातापायांना मुंग्या येईपर्यंत वाट पाहू नका. बी-12 तपासून घ्या आणि डॉक्टरांना विचारून गोळी नियमित घ्या.

कॅल्शियमसाठी तीळ आणि नाचणी घरात असू द्यावी. नाचणी भिजवून मोड आणली तर त्यातले कॅल्शियम अडवून धरणारे फायटेट कमी होते आणि कॅल्शियम अंगी लागायला मदत होते.

— एक वाचक, ठाणे