आमच्या फर्मचे नाव ऐकून घेणाऱ्या वकील मॅडमना

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

आमच्या भागीदारीच्या करारावर सह्या झाल्या आणि नव्या नावाचा ट्रेडमार्कचा अर्जही दाखल झाला. आपली फी आम्ही चुकती केली, पावतीही मिळाली. तरीही देणे फिटले असे वाटत नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. यात माझ्या भागीदाराविषयी जे आले आहे, ते त्याने स्वतः वाचले आहे आणि त्याच्या संमतीनेच येथे ठेवले आहे.

आपल्याकडे आलो तेव्हा आमच्या हातात, आमचे नाव दुसऱ्या एका फर्मच्या नावाशी मिळतेजुळते असल्याची नोटीस होती. आमचा व्यवसाय लहान मुलांच्या शैक्षणिक खेळण्यांचा, आणि नोटीस पाठवणारी फर्म मुलांची अभ्यासपुस्तके छापणारी, आमच्याहून पुष्कळ जुनी. आधीच्या सल्लागारांनी नोंदणीच्या यादीत आमचे नाव त्याच स्पेलिंगने शोधले, ते सापडले नाही, आणि ‘नाव मोकळे आहे, बिनधास्त छापा’ असे सांगून त्यांनी विषय संपवला. लेटरहेड, खोकी, माहितीपत्रके असे सारे छापून झाल्यावर नोटीस आली, तेव्हा ‘एवढे खोलात कोण जाते?’ असा त्यांनी आम्हालाच प्रश्न केला. खोलात जाण्यासाठीच ज्यांना पैसे दिले, त्यांनी असे म्हणावे, याचा संताप अजून ओसरलेला नाही.

नोंदणी कार्यालयाने फर्मचे नाव स्वीकारले म्हणून बाजारात त्या नावावर आपला हक्क प्रस्थापित होत नाही, ही साधी गोष्ट आम्हाला प्रथम आपल्याकडून कळली. अक्षरे जुळतात की नाही यापेक्षा, सर्वसामान्य ग्राहक दोन नावांत गल्लत करील का, हे पाहिले जाते. त्यात डोळ्यांइतकेच कानांनाही महत्त्व असते, आणि म्हणूनच एखादे अक्षर बदलून किंवा जोडून सुटका होत नाही. ट्रेडमार्कसाठी वापरल्या जाणाऱ्या, मालाच्या आणि सेवांच्या ‘नीस’ या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात 45 वर्ग आहेत, त्यांपैकी खेळणी 28व्या वर्गात आणि छापील साहित्य 16व्या वर्गात येते, हेही आपणच दाखवलेत. पण वर्ग वेगळा असला म्हणजे अभय मिळते असे मानू नका, कारण पुस्तक घेणारे आणि खेळणे घेणारे पालक एकच असतात, असे आपण बजावलेत. बीटल्स या गायक-वादकांच्या ‘अ‍ॅपल कोअर’ कंपनीने संगणक बनवणाऱ्या ‘अ‍ॅपल’विरुद्ध नावावरून 1978 मध्ये दावा लावला, 1981 मध्ये तडजोड झाली, आणि संगणकवाले पुढे संगीताकडे वळल्यामुळे तोच वाद पार 2007 पर्यंत चालला, हे आपण सांगितलेत तेव्हा आम्ही दोघेही गप्प झालो. पुस्तके काढायची इच्छा आमच्याही मनात होतीच.

मात्र हे पत्र या माहितीसाठी लिहिलेले नाही. ही माहिती शोधली असती तर दुसरीकडेही मिळाली असती.

माझा भागीदार बोलताना अडखळतो. ओठ मिटून उच्चारायच्या अक्षरांवर त्याचा शब्द अडतो, आणि आमच्या आधीच्या नावाची सुरुवातच अशा अक्षराने होत होती. आधीचे सल्लागार त्याचे वाक्य घाईने स्वतःच पुरे करत आणि पुढचे सारे माझ्याकडे पाहून बोलत. नव्या नावांची यादी घेऊन आम्ही आपल्यासमोर बसलो, तेव्हा आपण ती वाचली नाहीत. कागद त्याच्याकडे सरकवून आपण म्हणालात, ‘तुम्ही वाचा, मला ऐकू द्या. सावकाश वाचा, मी लिहून घेते.’ तो वाचत गेला. एका नावापाशी तो बराच वेळ थांबला, आणि मी सवयीने तोंड उघडणार तोच आपण मान न उचलता हाताने मला थोपवलेत. त्याने ते नाव पुरे केले. आपण ते लिहिलेत, आणि जे नाव त्याच्या तोंडून सहज आले त्याच्यापुढे पेन्सिलीने एक बारीकशी खूण केलीत. शेवटी एवढेच म्हणालात की, हे नाव तुम्हा दोघांनाही दिवसभर फोनवर सांगावे लागणार आहे, तेव्हा या खुणांपासून शोध सुरू करू. त्याच्या बोलण्याबद्दल आपण तेव्हाही काही बोलला नाहीत, नंतरही नाही.

मग त्याच कागदावरून शोध झाला: सारख्या उच्चारांची नावे, निरनिराळी स्पेलिंगे, संकेतस्थळांचे पत्ते, नोंदणी न करताच वर्षानुवर्षे वापरात असलेली नावे. आम्हाला फार आवडलेले एक नाव केवळ मालाचे वर्णन करणारे म्हणून आपण बाजूला काढलेत, कारण तसे शब्द त्या धंद्यातल्या सर्वांनाच लागतात आणि त्यांवर एकट्याचा हक्क सांगणे अवघड जाते. तेव्हा वाईट वाटले होते. आता वाटत नाही.

हुशार माणसे पुष्कळ भेटतात, मॅडम, पण समोरच्याला अवघडल्यासारखे न होऊ देता त्याची अडचण ध्यानात घेणारी माणसे मी फार थोडी पाहिली आहेत. हा चांगुलपणा कुठल्या परीक्षेने येत नाही आणि कुठल्या बिलातही लागत नाही. आधीच्या कार्यालयातून बाहेर पडताना माझा मित्र म्हणाला होता की, यापुढे कागदपत्रांची कामे तूच बघ, मी कारखाना सांभाळतो. आपल्या कार्यालयातून बाहेर पडल्यावर छापखान्याला फोन त्यानेच केला.

करारात नावाविषयीचे स्वतंत्र कलमही आपल्याच आग्रहामुळे आले. मोटारींच्या ‘रोल्स-रॉइस’ कंपनीचे भागीदार रोल्स आणि रॉइस यांची भेट 1904 मधली, कंपनी 1906 मधली, आणि 1910 मध्ये विमान अपघातात रोल्स गेल्यानंतरही नाव दोघांचेच राहिले, हा दाखला देऊन आपण आम्हाला विचारले होते, ‘तुमच्यापैकी एक बाहेर पडला तर नाव कोणाकडे राहील?’ मित्रामित्रांत हा प्रश्न जिभेवर येत नाही. आपण तो विचारलात, आम्ही बसून उत्तर ठरवले, आणि आता ते कलम आमच्या दोघांच्या सह्यांनिशी करारात आहे. त्याबद्दल, आणि पेन्सिलीच्या त्या खुणांबद्दल, आम्हा दोघांचेही मनःपूर्वक आभार स्वीकारावेत.

आपले ऋणी,
दोघे भागीदार